पाचवा हिरवा गोल

नाहीदचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकावर खेकसत होतो. त्याला त्याच्या कोचिंग क्लासच्या वेबसाइटवर फिरती अक्षरं हवी होती आणि मी ती देणार नव्हतो. फोनवर ती म्हणाली, "काका, अब्बा शिडीवरून पडले." मी विचारलं, कोणत्या दवाखान्यात? ती मग म्हणाली, "दवाखान्यात नाई नेलं काका... नेण्यासारखं काही राहिलंच नव्हतं." बाळापुरात एका दुकानाची पाटी रंगवताना माझ्या मित्राला, हनीफला, फिट आली, तो खाली आला आणि शटरच्या लोखंडी पट्टीवर डोकं आदळलं. हातातला पांढऱ्या रंगाचा डबा त्याच्याच अंगावर सांडला. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला मी काय बोललो ते आठवत नाही, पण तो चहा तसाच टाकून निघून गेला आणि परत आला नाही.

अमरावतीहून बाळापूरला पोचलो तेव्हा कब्रस्तानाकडे निघायची तयारी झाली होती. माती देताना माझ्या शेजारी दिगंबर उभा होता. बाळापूरजवळच्या एका खेड्यातला, बापजाद्याची काळी जमीन कसणारा, दांडगा माणूस. तो लहान पोरासारखा रडत होता. बाहेर आल्यावर त्यानं माझा हात धरला. "पम्मूभाऊ, थ्या दिवशी म्याच मारलं होतं त्याले. थ्याच मारानं त्याले फिटा येत होत्या ना? म्याच मारलं म्हना आज." मी म्हणालो, "असं नसतं दिगंबरभाऊ." त्याला एवढंच सांगून मी मोटारसायकलला किक मारली. मी आणखी एक वाक्य बोललो असतो तर त्या माणसाच्या छातीवरचं निम्मं ओझं उतरलं असतं. मी बोललो नाही. ते वाक्य मी आठ वर्षं बोललो नव्हतो, आणि आज हा लेख मी त्याच्यासाठीच लिहितो आहे. हनीफ चांगला होता हे सांगायला माझी गरज नाही, ते बाळापुरात कुणीही सांगेल.

हनीफ आणि मी कॉलेजात असताना भेटलो ते मारामारीत. अमरावतीच्या बसस्टँडवर जागेवरून भांडण झालं, त्यानं माझी कॉलर धरली, मी त्याचा शर्ट फाडला, आणि मग दोघांनी एकाच रसवंतीवर रस प्यायला कारण बस दोघांचीही गेली होती. राग त्याच्या नाकावर असायचा. माझ्याही. त्याचे वडील ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे अक्षर आणि रंग त्याच्या हातातच होता. पुढे मी वेबसाइटचं छोटं ऑफिस काढलं, अमरावतीत एका क्लासच्या माथ्यावर दोन खोल्या आणि एक व्हरांडा, आणि पडद्यावर काय कसं दिसेल ते हनीफ ठरवू लागला. तो ब्रशसारखा माउस धरायचा. डिझाइन पसंत पडलं नाही की की-बोर्ड उचलून भिंतीवर मारायचा. वर्षाला तीन की-बोर्ड लागायचे आम्हाला. एकदा एका गिऱ्हाइकानं त्याच्या निळ्याला 'जरा मरगळलेला' म्हटलं, तर यानं त्याला जिन्यापर्यंत गचांडी धरून नेलं. मी मधे पडलो तर मलाही कोपर बसलं. भाभी, म्हणजे त्याची बायको, म्हणायच्या, यांचं लग्न माझ्याशी झालं की तुमच्याशी, मार तर तुम्हीच खाता.

मग बोंडअळीचं साल आलं. बाहेरून कापूस हिरवागार आणि बोंड फोडावं तर आत किडे. लोकांनी उभ्या पिकात रोटावेटर घातले. पराटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून रस्त्यावर आणून जाळली. मूर्तिजापूरहून अकोल्याला जाताना रस्त्याच्या कडेनं नुसता धूर असायचा आणि माणसं बोलायला गेलं तर अंगावर यायची. त्या नुकसानीच्या मदतीचे अर्ज त्या वर्षी ऑनलाइन भरायचे होते. अकोल्याकडच्या अर्ज भरायच्या केंद्रांसाठी अर्जाची पानं करायचं काम फिरत फिरत आमच्याकडे आलं. कोणत्या कचेरीचं ते मी लिहीत नाही. त्या कचेरीला काही वाचवायचं म्हणून नव्हे, दोष तिचा निम्माच होता म्हणून.

अर्ज लांबलचक होता. भरणारा मधेच गोंधळायचा, किती झालं, किती उरलं कळायचं नाही. म्हणून वर पायऱ्यांची एक पट्टी हवी होती. असल्या पट्ट्या आता सगळीकडे असतात, रेल्वेचं तिकीट काढा की गॅस सिलिंडर मागवा, वरती एक दोन तीन चार असे गोल आणि त्यांना जोडणारी रेघ. मी म्हणालो, तयार मिळते, उचल आणि लाव. हनीफनं माझ्याकडे असं पाहिलं की मी टेबलाच्या पलीकडे सरकलो. "पम्या, केंद्रावर अर्ज भरतो थो ऑपरेटर. अन् मांगं उभा राह्यतो थो शेतकरी. त्याले वाचता येत नाई, चष्मा घरी राह्यला, सबन मंजूर. पन त्याले थो गोल दिसते. ही पट्टी ऑपरेटरसाठी नाई बे, मांगं उभा हाय त्याच्यासाठी हाय."

मग तो खडूचा डबा घेऊन बाळापूरच्या आठवडी बाजारात गेला. मलाही ओढून नेलं. फरशीवर त्यानं पाच मोठे गोल काढले, मधे रेघ, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्यावरून चालायला लावलं. पुढचा गोल रिकामा, पायाखालचा अर्धा, मागे पडला तो पूर्ण भरलेला. लोक आधी हसले, मग चालले. टक्के लिहून पाहिले, कुणाला कळले नाहीत. आकडे लिहिले तर लोकांना वाटलं हा टोकन नंबर. चित्रं काढली ती कळली. नावंही त्यानं तिथेच ठरवली, लोकांच्या तोंडातून ऐकून: ओळख, शेत, बँक, फोटो. शेवटच्या गोलाला कचेरीच्या कागदात 'सादर' असा शब्द होता. दिगंबरची आई गोदाबाई चालत चालत पाचव्या गोलावर येऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "हा भरला म्हंजे माहा कागद तठी पोचला ना? मंग मी घरी जाते, मले भाकरी टाकाच्या हायेत." हनीफनं तिथल्या तिथे खडूनं खाली लिहिलं: पोचलं.

त्या एका शब्दासाठी तो कचेरीतल्या साहेबांशी चार वेळा भांडला आणि जिंकला. त्याचा नियमही त्यानं माझ्याकडून घोटून घेतला होता. सादर करण्याचं बटण दाबल्यावर पाचवा गोल अर्धाच राहायचा. पलीकडच्या, म्हणजे कचेरीच्या मशीनकडून पोच आली, नंबर मिळाला, तरच तो हिरवा व्हायचा. "आपन दाबलं म्हनून पोचत नसते. तिकडून हो म्हनलं पाह्यजे," असं तो म्हणायचा. इतकी साधी गोष्ट. मी दहा वर्षं या धंद्यात होतो, आणि मला कुणी ती अशी सांगितली नव्हती.

केंद्रं सुरू झाली आणि पलीकडचं मशीन कोलमडलं. बटण दाबलं की पाचवा गोल अर्धाच, पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मागे रांग वाढायची. एका केंद्रावर लोकांनी ऑपरेटरला खुर्चीसकट बाहेर फेकलं. दुसरीकडे रांगेतल्या दोघांनी एकमेकांची डोकी फोडली. साहेबांचे फोन दिवसाला वीस. तो शुक्रवार होता. दुपारी हनीफ नमाजला गेला आणि साहेबांचा फोन आला. ते ओरडत होते आणि त्यांच्या मागे काच फुटल्याचा आवाज मला स्पष्ट आला. "तुमचा तो गोल आधी हिरवा करा हो! हिरवा दिसला की माणूस निघतो. मागे काय व्हायचं ते होत राहील, नाहीतर इथे मुडदे पडतील!"

मी एक ओळ बदलली. बटण दाबलं की पाचवा गोल लगेच हिरवा. पलीकडून अर्ज परत आला तर पानाच्या तळाशी बारीक लाल अक्षरांत एक सूचना येणार होती, जिथे कुणाची नजर जात नाही. पुढच्या आठवड्यात परत फिरवू, असं मी स्वतःला सांगितलं. हनीफ नमाजहून आला, मी त्याला चहा मागवला आणि काहीच बोललो नाही. केंद्रं शांत झाली. साहेबांनी माझं कौतुक केलं. पुढचा आठवडा आला, गेला, आणि मी ती ओळ तशीच राहू दिली, कारण शांतता मला आवडली होती. हनीफचे गोल इतके चांगले होते की लोकांनी त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. हिरवा गोल बघायचा आणि पावतीचा कागदही न मागता घरी जायचं. कित्येक अर्ज पोचलेच नव्हते.

मदत मिळणाऱ्यांची यादी लागली त्या दिवशी हनीफला कळलं. त्यानं स्वतः अर्ज भरून पाहिला, इंटरनेटची वायर उपटली, बटण दाबलं, आणि तुटलेल्या वायरीवर पाचवा गोल हिरवा झाला. तो माझ्या खोलीत आला. मी उठायच्या आत त्यानं मला थोबाडीत मारली. चष्मा उडाला. दुसरी मारली तेव्हा ओठ फाटला. बाहेर आमची माणसं उभी राहून बघत होती. मी उलटा हात उचलला नाही, आयुष्यात पहिल्यांदा. तो म्हणाला, "गोदाबाईचं नाव नाई यादीत. काहून केलं बे? मले इचारलं काहून नाई?"  मी रक्त पुसलं. त्यानं वाकून माझा चष्मा उचलला, तुटलेली दांडी खिशात घातली आणि म्हणाला, "चाल अकोल्याले. तठी जाऊन सांगू."

आम्ही माझ्या मोटारसायकलवर गेलो.  अकोल्यात मोठ्या केंद्रावर पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि शेदोनशे माणसं बाहेर. आत शिरलो तर मागोमाग तीही शिरली. पहिला मॉनिटर माझ्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला. कुणीतरी प्रिंटर उचलून फरशीवर आपटला. एका बाईनं की-बोर्डच्या वायरीनं ऑपरेटरचा गळा आवळला होता, तिला दोघांनी ओढून काढलं. हे सगळे रोजच्या व्यवहारातले, रामराम घालणारे लोक होते. त्यांच्या तोंडाला फेस आला होता. पुढे दिगंबर. त्याच्या हातात शटर ओढायचा लोखंडी गज. त्यानं एका चालू राहिलेल्या पडद्याकडे गज दाखवून विचारलं, "हा हिरवा गोल कोनं बनवला?"

मी कपाटाच्या आडोशाला होतो. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. हनीफनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पुढे झाला आणि म्हणाला, "म्या बनवला."

पहिला घाव त्यानं हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली काडी मोडावी तसा नव्हता तो, वाळलेली पराटी पायाखाली यावी तसा होता. दुसरा डोक्यात. तो खाली पडल्यावर बाकीचे आले, लाथा, खुर्चीचे पाय, हाताला लागेल ते. मी कपाटामागे होतो. हे वाक्य मी आठ वर्षांत मनातल्या मनात हजारदा लिहिलं आणि दर वेळी त्याच्यापुढे काहीतरी जोडलं... गर्दी होती, रस्ता नव्हता, माझा ओठ फाटलेला होता. आज काही जोडत नाही. मी कपाटामागे होतो. पोलीस आले तेव्हा मी बाहेर आलो.

सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो बोलला. डोक्याला टाके, उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. मी विचारलं, "काहून, हनीफ?" तो छताकडे बघत म्हणाला, "गोल माहाच होता ना बे. अन् तुले त जित्ता नसता सोडला त्यायनं. मले वाटलं, ओळखीचे लोकं हायेत, मले पाह्यलं की हात थांबन." मग हसला, तर टाके ओढले गेले. "नाई थांबला." पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा दिगंबरचं नाव त्यानं सांगितलं नाही. गर्दी होती, दिसलं नाई, एवढंच. ते गेल्यावर मला म्हणाला, "तू सांगजो. भेऊन नको सांगू. मनानं येईन तवा सांगजो."

मनानं यायला आठ वर्षं लागली आणि त्याचा जीव जावा लागला. मधल्या काळात मी काय केलं तेही लिहितो. कचेरीनं चौकशी केली, अहवाल तयार झाला: डिझाइन करणाऱ्याच्या चुकीमुळे. त्याखाली माझी सही आहे. त्या सहीनंतर कचेरीचं पुढचं काम मला मिळालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोरानं फाशीच्या कागदावर सहीही केली. हनीफचा उजवा हात सरळ झालाच नाही. त्याला फिटा येऊ लागल्या. कॉम्प्युटरचं काम सुटलं. बाळापुरात वडिलांच्या दुकानात बसून तो डाव्या हातानं पाट्या रंगवू लागला आणि दोनच वर्षांत त्याचं डावं अक्षर माझ्या उजव्यापेक्षा देखणं झालं. शिडीवर चढू नको, असं डॉक्टर सांगायचे, भाभी सांगायच्या, मी सांगायचो. तो म्हणायचा, पाटी काय खाली वाकून रंगवू? नाहीद तेव्हा शाळेत होती. गावात तिला 'हिरव्या गोलवाल्याची पोरगी' म्हणायचे. एकदा तिनं एका मुलीचं डोकं नळाच्या तोटीवर आपटलं होतं, त्या नावावरून. हे मला हनीफनंच सांगितलं, हसत हसत, आणि मी जेवत होतो तो घास तसाच गिळला.

दुकानाच्या आतल्या भिंतीवर त्यानं एक फळी लावली होती. तिच्यावर पाच गोल, तेच, बाजारातले. चार हिरवे भरलेले, पाचवा अर्धा, खाली शब्द: पोचलं. मी गेलो की तो चहा सांगायचा, गप्पा मारायचा, शिव्या द्यायचा, राजकारणावर तावातावानं बोलायचा. निघायच्या वेळी मात्र उठायचा, खिशातून रुमाल काढायचा आणि त्या पाचव्या गोलावरची धूळ पुसायचा. फक्त पाचव्याच. बोलायचा एक शब्द नाही. आठ वर्षं, दर भेटीला. मला त्याची थोबाडीत परवडली असती. दोनदा तर मी दुकानाबाहेर येऊन मोटारसायकलचा आरसा मुठीनं फोडला आहे, हाताला टाके पडले, पण परत आत जाऊन बोललो नाही.

तो गेल्याच्या चाळीसाव्या दिवशी, चाळीसाव्याच्या जेवणाला गेलो. जेवणं झाल्यावर नाहीदला दुकानात बोलावलं आणि सांगितलं. शुक्रवार, फोन, एक ओळ, कपाट, सही. ती आता अमरावतीतच कॉम्प्युटर शिकते, त्यामुळे काही समजावून सांगावं लागलं नाही, आणि तेच जास्त कठीण गेलं. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. माझं संपलं तसा तिनं टेबलावरचा ब्रशांचा डबा उचलून माझ्या तोंडावर फेकला. कपाळाला लागला. ब्रश खोलीभर पसरले. ती म्हणाली, "मी अब्बाले गुन्हेगार म्हनलं होतं... दहावीत होते मी. तुमच्या चुकीनं लोकं बुडाले, असं तोंडावर म्हनलं त्यायले. ते गप्प राहिले. गप्प राहिले ते, काका!"

मी खाली बसून ब्रश गोळा करू लागलो. दुसरं काय करावं सुचेना. बऱ्याच वेळानं तीही बसली, गोळा करू लागली. मी म्हणालो, नाहीद, माफ कर. ती म्हणाली, "मले सांगून काय होते? दिगंबरकाकाले सांगा. गोदाआजी अजून आहे, तिले सांगा. ज्यायनं ज्यायनं अब्बाले शिव्या देल्या त्या सबन लोकायले सांगा. पेपरात लिवा, नावानिशी." मग तिनं फळीवरून हिरव्या रंगाचा डबा काढला. मी खुळ्यासारखा हात पुढे केला, मला वाटलं ती पाचवा गोल भरायला देते आहे. तिनं डब्याचं झाकण हातोडीनं ठोकून ठोकून घट्ट बसवलं आणि डबा परत वर ठेवला.

परवा दिगंबरकडे गेलो. अंगणात गोदाबाईसमोर सगळं सांगितलं. दिगंबर ऐकत ऐकत उठला, गोठ्याकडे गेला, आणि मला वाटलं आता हा काहीतरी उचलून आणतो. मी पळणार नव्हतो, तेवढं तरी ठरवून गेलो होतो. तो तिकडेच भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. गोदाबाईला आता नीट दिसत नाही. तिनं माझ्या दिशेनं तोंड करून विचारलं, "मंग थो पोरगा कायले मार खात राह्यला रे बाप्पा?" मी उठून तिच्या पायांवर डोकं ठेवलं तर तिनं पाय आखडून घेतले.

नाहीदला मी हा लेख छापायला देण्याआधी वाचून दाखवला. तिनं एका जागी दुरुस्ती केली, मी हनीफच्या अक्षराला 'बरं' म्हटलं होतं, तिनं 'देखणं' करायला लावलं. मग निघताना, मी उंबऱ्यात असताना, ती उठली, ओढणीचं टोक धरलं आणि त्या फळीवरच्या पाचव्या गोलावरची धूळ पुसली. अगदी तशीच. मी उभा राहून बघत होतो. विचारलं, "आता भरशील?" ती म्हणाली, "तुमी दाबलं काका. तिकडून अजून कोनी हो म्हनलं नाई."

माझं नाव प्रमोद. ती ओळ मी बदलली होती.